घोंगडीची सीट

रेक्झिनचा तुकडा मी आक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाशी नेला आणि बाजूला टाकला.

“कातडंच की रे हे.”

“न्हाय आक्का. कापडच हाय. वरनं रोगण दिल्यालं.”

“मग हाताला कापडासारखं लागू दे की,” असं म्हणून त्या भिंत चाचपत हात धुवायला आत गेल्या.

आक्का म्हणजे आमच्या बेळगावच्या एका वकिलांच्या आई. मी कॅम्पातल्या एका वर्कशॉपमध्ये सीटा शिवायचो. रोज कडोलीहून सायकलनं यायचो. टांग्यांचे टप शिवता शिवता मोटारी आल्या, तेव्हा आमचं दुकान मोटारींकडे वळलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. ‘अपहोल्स्टरी’ हा शब्द तेव्हा आम्हाला म्हणता यायचा नाही. आम्ही ‘गादीकाम’ म्हणायचो, आणि काम त्यामुळं काही वाईट होत नव्हतं.

आक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते की आता लांबवलंत तर डोळे जातील. पण आक्का पडल्या सोवळ्याच्या. रेल्वेच्या बाकावर कोण बसून गेलं असेल कोण जाणे, म्हणून रेल्वे बंद. शेवटी वकीलसाहेबांनी खास त्यांच्यासाठी एक जुनी मोटार घेतली, तर तिच्या सीटा कातड्याच्या. वर घोंगडी अंथरून बघितली. आक्का म्हणाल्या, खाली कातडं ते कातडंच. पायरीवर ठेवलेला पाय त्यांनी मागं घेतला.

वकीलसाहेब वर्कशॉपमध्ये आले ते वैतागूनच. “पुढच्या शनिवारी ऑपरेशनसाठी बोलावलंय. शुक्रवारी पहाटे निघणार. आईला चालेल असं काहीतरी घाला. तिला विचारून घाला, मला विचारू नका.”

म्हणून मी नमुने घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. रेक्झिन म्हणजे रोगण चढवलेलं कापड. लांबून कातडं वाटतं, हीच त्याची शान आणि हेच आमचं दुखणं. जाड सुती कापड दाखवलं, तर त्याला कुणाचाही हात लागला की विटाळतं. मिलिटरीच्या शिंप्याकडून बनात, म्हणजे गणवेशाचं जाड लोकरी कापड, आणली. ती आक्कांनी गालाला लावून बघितली. मऊ आहे म्हणाल्या, पण गिरणीत सुताला चरबी लावतात असं त्यांनी ऐकलं होतं. सोवळ्याला लोकर आणि रेशीम चालतं. रेशमाच्या सीटवर बसून वकीलसाहेब कोर्टात गेले असते, तर पक्षकारांनी वकील बदलला असता.

मी नमुने गुंडाळायला लागलो आणि माझं लक्ष आक्कांच्या बुडाखाली गेलं. त्या घोंगडीवर बसल्या होत्या. धनगरानं हातानं कातलेली, हातमागावर विणलेली लोकर, गिरणीचा संबंध नाही. इतका वेळ मी दुकानातलंच कापड शोधत होतो.

निपाणीच्या बाजारातून दोन काळ्या घोंगड्या आणवल्या. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. तशीच ताणली तर ती घडीवर तडकते. म्हणून मी त्या भिजवून, चेचून, सावलीत वाळवल्या. मग आप्पा मेस्त्रींना विचारलं, जुनं कातडं उसवू का? आप्पा आमचे मालक आणि माझे गुरू. ते म्हणाले, कशाला? जुन्या सीटवर नवं कव्हर चढवायचं हीच आमची रीत होती. आतला भरणा जुन्या कातड्यात घट्ट बसलेला असतो. ते काढलं की सगळं पोट बाहेर येतं आणि चार दिवसांचं काम वाढतं. रीत म्हणजे रीत. मी डोकं न चालवता घोंगडी वरून ताणली आणि शिवून टाकली. फार सुरेख बसली होती. आजही ती शिवण डोळ्यांपुढं आली की बोटं शिवशिवतात.

बुधवारी सकाळी गाडी आक्कांच्या दारात उभी केली. त्यांनी सीटवर हात फिरवला, लोकर चिमटीत धरली. चेहरा उजळला.

“खालचं कातडं काढलंस न्हवं परशा?”

“काढलं आक्का,” मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. “मग बसते मी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि देवाला सांगायला आत गेल्या.

थोडे टाके राहिले होते म्हणून गाडी वर्कशॉपला परत आणली, पण येताना माझं लक्ष कशात लागेना. आमच्या धंद्यात खोटं बोलत नाहीत असं नाही. उद्या देतो म्हणून आठवडाभर कुणी देत नाही. पण बघता येणाऱ्या माणसाला फसवणं वेगळं आणि दिसत नसलेल्याला फसवणं वेगळं. मला स्वतःची शरम वाटली. मी आप्पांना म्हणालो, कातडं काढूया.

“तिला दिसत न्हाय रं. कळणार कसं?”

“म्हणूनच, आप्पा.”

आप्पा उठले. मग पानाची पिंक टाकून आले, धोतर खोचलं आणि दाभण घेऊन स्वतः खाली बसले. दाभण म्हणजे गादी शिवायची लांब सुई. वीसेक वर्षांत ते स्वतः शिवायला बसलेले कुणी बघितले नव्हते. कातडं उसवलं तर आत घोड्याचे केस निघाले. विलायती गाड्यांत तोच भरणा असायचा. आप्पांनी कपाळाला हात लावला. मग तेही उपसले. काथ्या पिंजून भरला, वर गोणपाट ताणलं आणि त्यावर घोंगडी. बुधवारचा आख्खा दिवस आणि गुरुवारी दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं त्या एका सीटला चिकटून होतो. आप्पा सारखे मला शिव्या देत होते, पण टाके माझ्यापेक्षा बारीक घालत होते. असे मालक पुन्हा मिळाले नाहीत.

शुक्रवारी पहाटे गाडी दारात नेली. आक्का बाहेर आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. परवा खोटं बोललो होतो, आज खरंच काढलंय, आतले केसही काढलेत. वकीलसाहेब माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी सीट नव्हे तर खटला बिघडवलाय. आक्कांनी आता पाऊल मागं घेतलं असतं, तर डोळे माझ्यापायी गेले असते.

आक्कांनी हात पुढं करून सीटची लोकर पुन्हा चाचपली.

“परवा मी देवाला सांगून ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “परशाच्या शब्दावर बसते, पाप लागलं तर त्याला लाव. आता तसं सांगायला नको.”

आणि चढल्या. काकतीच्या दिशेनं गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यात उभा होतो.

दीड महिन्यानं ती गाडी वर्कशॉपपुढं थांबली. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या आक्का उतरल्या. मी “या आक्का” म्हटल्यावर, आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि आधी नीट न्याहाळलं. मग दार उघडून सीट बघितली. बराच वेळ बघितली.

“काळी घातलीस होय रे? लई उदास दिसतंय की. मी मिरजेपर्यंत मनात तांबड्या काठाची धरून बसले होते.”

आप्पा आत तोंड फिरवून हसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत माझ्या कामाला पुष्कळांनी नावं ठेवली, पण एवढा आनंद कुणी दिला नाही.

कापड दाखवताना मी आक्कांना ते हातात दिलं, नाकाशी नेऊ दिलं, त्यांचं सोवळं विचारलं. रंग तेवढा विचारला नव्हता. त्यानंतर दिसत नसलेल्या गिऱ्हाईकालाही मी रंग विचारत आलो. न जाणो, पुढं दिसायला लागलं तर?