पत्र्यावरचे आभार

आमच्या स्पॅनिशच्या मॅडम रायपुरात तेलाचे रिकामे पिपे मागत फिरायच्या. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घरी शिकवणी होती. स्कूटीला दोन-तीन पिपे लटकवून त्या येताना दिसल्या की गल्लीतले लोक म्हणायचे, "भंगारवाली दीदी आ गई." मॅडमना त्याचं काही वाटत नसे. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या चार वर्षं मेक्सिकोत राहिल्या होत्या आणि भाषेपेक्षा तिथल्या हातकामाचीच ओढ जास्त घेऊन आल्या होत्या. क्रियापदं चालवता चालवता आम्ही कागदी पताका कातरल्या, लगद्याचे पंखवाले प्राणी केले.

खोटं वाक्य मात्र त्या खपवून घेत नसत. एकदा मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं, माझ्या मामाकडे लाल गाडी आहे.

"तुले मामा आहे काय?"

"नाही, मॅडम."

"मग कोणाची गाडी चालवून राहिली? जे आहे ते सांग. चुकलं तरी चालते."

मग मी बाबांच्या खटारा सायकलीवर सात वाक्यं बोलले. सातही चुकली, आणि मॅडमनी मला चहा पाजला.

पिप्यांचा उलगडा दिवाळीनंतर झाला. मेक्सिकोत मोठ्या संकटातून वाचलेला माणूस तो प्रसंग पत्र्याच्या तुकड्यावर रंगवतो, खाली काय घडलं ते लिहितो आणि आभार म्हणून चर्चमध्ये टांगतो. मॅडमनी पिपे कापून, कडा ठोकून प्रत्येकाला एकेक पत्रा दिला. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही बौद्ध. आमच्या घरी नवस-बिवस नाही."

"देव नको ना? मग माणूस पाह्य एखादा," त्या म्हणाल्या.

माणूस होता. बाबा भनपुरीच्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. एकदा तापलेली सळई त्यांच्या अंगावर आली, तेव्हा दुकालू नावाच्या कामगारानं त्यांना ढकलून बाजूला केलं. त्याचा हात भाजून कामातून गेला, नोकरी सुटली. बाबांची टिकली. लाजेपायी बाबा सात वर्षांत एकदाही त्याच्याकडे गेले नव्हते. मी तो प्रसंग रंगवला. मॅडमनी विचारलं, "कोणता हात भाजला?" मला माहीत नव्हतं. त्यांनी पत्रा परत माझ्या हातात ठेवला. "जाऊन पाहून ये. अन् बाबाले घेऊन जा."

बाबांनी दोन रविवार टाळले. तिसऱ्या रविवारी कसेबसे निघाले. बीरगावात दुकालूकाकांनी आम्हाला खाट टाकून दिली, पत्रा मांडीवर घेऊन न्याहाळला आणि चित्रातल्या उजव्या हातावर बोट ठेवलं. "ये नइ, बेटी. डेरी हाथ रिहिस," म्हणत त्यांनी आखडलेला डावा हात पुढे केला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला.

"मले यायले लय उशीर झाला, भैया," एवढंच ते बोलले.

"आ त गेव," आलात ना शेवटी, असं म्हणून काका चहा ठेवायला सांगायला आत गेले.

पत्रा त्यांच्याच भिंतीवर राहिला. मॅडमनी मला तो पुन्हा न पाहताच पास केलं. पुढे त्या मुलीकडे इंदूरला गेल्या आणि शिकवणी बंद पडली. माझी स्पॅनिश आता नोकरीपुरती उरली आहे, पण त्यांचं नाव निघालं की ऊर भरून येतो.

बाबांचं बीरगावला जाणं-येणं मात्र सुरू राहिलं. गेल्या उन्हाळ्यात काका वारले, तेव्हा त्यांच्या मुलानं पहिला फोन बाबांना केला. बाबांनी खांदा दिला. मॅडमनी त्या दिवशी चित्राला नुसती शाबासकी देऊन टाकली असती, तर त्या दारात बाबा कोणत्या तोंडानं उभे राहिले असते, कोण जाणे.