केकवरचा वाघ

आमच्या मंगळूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दूमप्पा साल्यान नावाचे सुपरवायझर होते. ते स्वतःला वाघ समजत. हे मी अंदाजाने लिहीत नाही. एकदा दाराआडून त्यांनी 'पिली आला, पिली आला' अशी कुजबुज ऐकली. तुळूत पिली म्हणजे वाघ. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या मिशांना टोकं आली.

पूर्ण नाव मात्र त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. आम्ही ऑपरेटर बायका त्यांना पिलिवेष म्हणायचो. दसऱ्याला आमच्याकडे पुरुष अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवून, शेपटी लावून ढोलांवर नाचतात, तो पिलिवेष. उड्या वाघाच्या, आतला माणूस शेजारच्या गल्लीतला. साल्यान सरांचंही तसंच. उशिरा येणारीवर ते असे गरजायचे की ट्रंक कॉलवरचं गिऱ्हाईक विचारी, तिकडे काही पडलं का? मेमो देतो म्हणत. मेमो कधी कोणी पाहिला नाही. आमच्यातल्या जलजाक्षीचं मूल आजारी पडलं, तेव्हा 'उद्यापासून रात्री मला तोंड दाखवू नका' असं ओरडून त्यांनी स्वतःच तिची रात्रपाळी बदलून टाकली.

मी दरवर्षी चर्चमधल्या नोव्हेनासाठी, म्हणजे नऊ संध्याकाळी म्हणायच्या त्याच त्या प्रार्थनांसाठी, लवकर सुटायची परवानगी मागे. कारण थोडक्यात सांगे: नोव्हेना कोणत्या संतांची, आमच्या घरात ती कोणी सुरू केली, मागच्या वर्षी कोण कोण आलं होतं, फादरांचा घसा कसा बसला. मी मुळात मोजकं बोलणारी. सर मध्येच 'जा, जा' म्हणून गरजत आणि मी जाई.

ते निवृत्त व्हायचे झाले तेव्हा आम्ही ठरवलं, त्यांना वाघ म्हणूनच घरी पाठवायचं. केकवर कानडी अक्षरांत 'पिली' लिहून आणायचं. बेकरीला फोन करायचं काम जलजाक्षीने घेतलं. बेकरीवाल्याने विचारलं, नुसतं पिली? पुढे काय? दिवसभर लोकांची तुटलेली वाक्यं जोडून देणारं तिचं तोंड. सवयीने पुढचंही बोलून गेलं.

खोका सरांच्या टेबलावरच उघडला. पांढऱ्या केकवर लाल अक्षरं: पिलिवेष. झाकण परत लावायचं कोणालाच सुचलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे इतक्या वर्षांत कोणीच घाबरलं नाही?" ते म्हणाले.

त्यांचा हळू आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतो. त्यापेक्षा गरजले असते तर बरं झालं असतं. मिशांची टोकंसुद्धा उतरल्यासारखी दिसली. मला बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते ठरेना.

जलजाक्षी म्हणाली, "सर, खरा वाघ आमच्यापैकी कोणी पाहिलाय? पोरं पलंगाखाली शिरतात ती वेषालाच घाबरून. आणि वेष दारात आला नाही तर रडतात तीही तीच."

"पोरांचं राहू द्या. इथे कोण शिरलं होतं?"

"मी. पहिल्याच दिवशी, स्विचबोर्डखाली."

"तुम्ही तर पेन्सिल पडली म्हणालात."

"पेन्सिल माझ्या अंबाड्यात होती, सर."

सरांनी तिच्या अंबाड्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी उचलली, 'वेष' एवढाच तुकडा नीट कापून आपल्या बशीत घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. शेवटचा लाल ठिपकाही बोटाने पुसून खाल्ला. खोक्यात नुसता 'पिली' उरला. त्यांनी मिशीवरचं क्रीम टिपलं, टोकं वर केली आणि भिंती हादरतील अशा आवाजात गरजले, "नोव्हेनाबाई! उरलेला वाघ वाढा सगळ्यांना!"

कोणाला हाक मारली ते बघायला मी मागे वळले. मागे भिंत होती.