कोठारातलं चित्र

आमची थोरली सहाव्या वर्षी तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता. ह्यांनी आठवून आठवून तिचं चित्र काढलं. पुढं मठाच्या जुन्या वाड्यात नव्या चित्रांचं संग्रहालय झालं, तेव्हा ते तिथं दिलं. "चार लोक बघतील तिला," म्हणाले.

दर गुरुवारी मी शिवाजी पेठेतून चालत जायची. पूर्वी जिथं मठाचे स्वामी बसायचे, त्या दालनात तिच्यासमोर घटकाभर बसायची.

एका गुरुवारी तिथं दुसरंच चित्र होतं. राखणदार म्हणाला, "जुनी चित्रं कोठारात ठेवल्यात."

मग चार महिने हेलपाटे घातले. कधी साहेब नसायचे, कधी किल्ली. शेवटी मी राखणदाराच्या पाया पडले.

"मावशी, असं करू नगा," म्हणत त्यानं मठाचं धान्याचं कोठार उघडलं. भिंतीला टेकवलेली चित्रं आम्ही एकेक बाजूला केली, तेव्हा तिचा पिवळा झगा दिसला. तोंडावर पांढरी बुरशी चढली होती. मी पदरानं हळूच पुसली, तर बुरशीबरोबर रंगही सुटून आला. डोळे गेले. घाबरून मी आणखी पुसलं.

"पुसू नगा, मावशी," त्यानं माझा हात धरला. तोवर तोंड राहिलं नव्हतं.

ह्यांचा उजवा हात तेव्हा लुळा पडला होता. मी घरी आले, तर दारातच त्यांनी विचारलं, "गावली व्हय?"

"न्हाय. पुढच्या गुरुवारी परत जाते."

ते होते तोवर मी दर गुरुवारी निघायची, आणि रंकाळ्यावर बसून परत यायची.