ओळीचा शेवट

शहापुरातल्या आमच्या घरात चार यंत्रमाग आहेत. ते चालू असले की बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द हमखास खडखडाटात जातो, म्हणून आमच्याकडे सगळेच वाक्याच्या शेवटी आवाज चढवतात. मी टिळकवाडीतल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा आठवडाभर मुलांना वाटत होतं, बाई चिडल्यात. माझी धाकटी बहीण गातेही तशीच. ओळ संपताना बाकीचे आवाज सोडतात, ही उचलते. मागावर बसून बसून आईचे कान अधू झालेत. टीव्हीवरचं गाणं तिला धड ऐकू येत नाही, पण धाकटीचं अक्षर न् अक्षर मागाच्या आवाजातही कळायचं.

धाकटीची टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवड झाली. सोबत मी गेले. पहिल्या दिवशी तिला काचेच्या खोलीत गायला लावलं. दुसऱ्या दिवशी मंचावर एकजण म्हणाला, "माइक बंद आहे. कालचं रेकॉर्डिंग लावतो, तू फक्त ओठ हलव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, रोज पोरांना कॉपी करू नका म्हणून घसा कोरडा करणारी बाई, मान डोलावली! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी लागला. वीज गेल्याशिवाय आमच्या गल्लीतले माग थांबत नाहीत, पण त्या दिवशी शेजाऱ्यांनी आपणहून बंद केले आणि सगळे आमच्या घरी येऊन बसले. गाणं सुरू झालं. गोड, गुळगुळीत. ओळीच्या शेवटी चढणारा तिचा आवाज त्या लोकांनी मशिनवर सपाट करून टाकला होता. वर परीक्षक बाई डोळे टिपत म्हणाल्या, "लाइव्ह गाणं काय असतं, ते आज कळलं!" खोटारडे कुठले! तिथे बसून सगळं माहीत असताना हे बोलवतं तरी कसं?

आईनं विचारलं, "ह्ये कोण म्हणतंय गं?"

"मीच की गं आई," धाकटी म्हणाली.

"तोंड तुझं हाय. आवाज तुझा न्हाय."

गल्लीनं मात्र टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून धाकटी मोबाइलवर तेच गाणं लावून तसंच घोटायला लागली. मी भडकले, तर म्हणाली, "आक्का, त्यास्नी हेच आवडलंय. फुडच्या फेरीला असंच म्हणाय पायजे." मान मीच डोलावली होती.

गेल्या आठवड्यात आई मागावर होती, मी शेजारी बसले होते. पलीकडे धाकटी गात होती. प्रत्येक ओळ अलगद खाली यायची आणि खडखडाटात बुडून जायची. आईनं मान वाकडी करून कान दिला. बराच वेळ तशीच राहिली. मग मला म्हणाली, "थांबली व्हय गं ती?"

ती गातच होती.