कॉलरमधून निघालेला रुमाल

माझ्याकडे प्लास्टिकचा एक पोकळ अंगठा आहे. कातडीच्याच रंगाचा, खऱ्या अंगठ्यावर टोपीसारखा बसतो. रेशमी रुमाल मुठीत कोंबल्याचं दाखवत त्या अंगठ्यात दाबायचा, अंगठा परत चढवायचा आणि मूठ उघडायची. रुमाल गायब. पोरं तळहात बघतात, बाही बघतात, अंगठ्याकडे कुणी बघत नाही. हे गुपित मी नोकरीभर जिवापाड जपलं. आता त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. शनिवारी सकाळची शाळा, पोरं हमखास दांडी मारायची. लातूरला एका शिबिरात शिकलेली ही जादू मी शनिवारच्या शेवटच्या तासाला करायला लागलो. सुरुवातीला बायकोनं जुन्या ओढणीचे रुमाल शिवून दिले, पण ते मुठीत मावेनात. खरं रेशीम दाबलं की सुपारीएवढं होतं. मग रेशमी रुमाल मागवले, पिवळा एक, हिरवा एक आणि लाल दोन. दोन लाल आहेत हे कुणाला माहीत नव्हतं, आणि सगळी गंमत त्यातच होती. एक लाल अंगठ्यात जायचा. दुसरा मी वर्गात फिरताना खिशातून हळूच मुठीत घ्यायचो, तो एखाद्या पोराच्या कॉलरमधून ओढून काढायचा आणि ओरडायचं, "चोर सापडला!" वर्ग हसून लोळायचा. हजेरी वाढली आणि माझा भावही वाढला. बाजारात पोरं मला बोटानं दाखवायची, आणि मी उगीच त्याच गल्लीतून दोनदा जायचो.

एका वर्षी गावाबाहेर माळावर काही कुटुंबं पालं ठोकून राहिली होती. गावात शेळी जरी हरवली तरी पहिली चौकशी त्यांच्याकडे व्हायची, पोलीसही आधी तिकडेच जायचे. पट नोंदवायला म्हणून मी पालांवर गेलो. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दगडानं जमिनीवर अक्षरं काढत होती, कुठून शिकली होती कोण जाणे. तिची आई शाळेला तयार नव्हती. म्हणाली, तिथं आमच्या लेकराकडं बोट दाखवतेत. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझ्या वर्गात कुणी बोट दाखवणार नाही, ती माझी जबाबदारी. दुसऱ्या दिवशी आई स्वतः तिला सोडायला आली.

मुलगी हुशार निघाली. दाराजवळ बसायची. पाढे सगळ्यांच्या आधी म्हणायची, पण हसायची नाही. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी लाल रुमाल गायब केला, वर्गभर फिरलो आणि तिच्यापाशी जाऊन थांबलो. तिच्या मोठ्या मापाच्या सदऱ्याच्या कॉलरमधून रुमाल ओढला आणि नेहमीचं वाक्य म्हणालो.

इतका हशा त्या वर्गात कधी झाला नव्हता.

बायकोला मी कायम सांगत आलो की ती दाराजवळ बसायची, हाताशी होती, म्हणून तिला निवडलं. ते खोटं आहे. तिच्या कॉलरमधून रुमाल निघाला तर पोरं जास्त हसतील, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी वर्ग ओलांडून तिच्यापर्यंत गेलो होतो.

सोमवारी तिची आई शाळेत आली. मुलीच्या मनगटाला धरून, पदर डोक्यावर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मुलीच्या पोटऱ्यांवर वळ होते.

"गुरुजी, लेकराची चूक झाली. म्या लई मारलंय तिला. पुन्हा रुमालाला हात लावणार न्हाई ती. तेवढं पोलिसाला सांगू नका."

आणि मला हसू आलं. मुद्दाम नाही, पण आलं. मी म्हणालो, अहो बाई, ती चोरी नव्हती, जादू होती. तिनं माझ्याकडे, मग मुलीकडे पाहिलं.

"मग रुमाल हिच्यापाशी आला कसा?"

साधा प्रश्न होता. खिशात हात घालून अंगठा आणि दोन्ही रुमाल तिच्यापुढे ठेवले असते तर अर्ध्या मिनिटात सगळं मिटलं असतं. पण बाजूला दोन शिक्षक उभे होते, दारात पोरं गोळा झाली होती, आणि पुढच्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकारी शाळा बघायला यायचे होते. त्यांच्यापुढे मला हीच जादू करायची होती. मी म्हणालो, "ते मंतर असतंय बाई. सांगितलं की जातंय."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. नंतर अहमदपूरला बदली झाली, तिथेही दोन-तीनदा सांगितला. लोक हसायचे. वळांचा भाग मी गाळायचो.

गटशिक्षणाधिकारी येऊन गेले, त्यांनी पाठ थोपटली. त्यानंतर काही दिवसांनी वर्गातल्या एका मुलाची कंपासपेटी हरवली. कावळा बसायला अन् फांदी मोडायला. मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी हुबेहूब माझ्या सुरात ओरडलं, "चोर सापडला!" सगळ्या माना दाराकडे वळल्या. मुलगी उठली. कुणी मागितली नव्हती तरी तिनं पिशवी जमिनीवर उलटी केली. एक वही, एक पेन्सिल, फडक्यात बांधलेली भाकर. मग दोन्ही हात उलटसुलट करून तिनं मला दाखवले.

मी वर्गाला दरडावलं, पण अंगठा खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी त्या मुलाच्या घरीच ज्वारीच्या पोत्यामागे सापडली. मी ते वर्गात सांगितलं, पण ऐकायला ती नव्हती. नंतर कधी आलीच नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत आठवड्यानं पालांवर गेलो, तर माळावर नुसते चुलींचे दगड आणि राख होती. कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून मी कुणाच्या कॉलरमधून रुमाल काढला नाही. बैल गेला अन् झोपा केला.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला माझ्या लेकीकडे नातीचा वाढदिवस होता. छोटा हॉल घेतला होता. नातीच्या हट्टापायी जादू केली, पण दुसरा लाल रुमाल माझ्याच खिशातून काढला. पोरं जेवायला बसली तेव्हा मी सामान आवरत होतो. भांडी घासणाऱ्या बायकांपैकी एक पदराला हात पुसत जवळ आली. तिशीतली असेल.

"आता लेकरांच्या गळ्यातून न्हाई काढत का, गुरुजी?"

ओळखायला मला वेळ लागला नाही. मी खुर्चीवर बसलो. कशी आहेस, काय करतेस, असलं काहीबाही विचारलं. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली जातो, दोन लेकरं शाळेत आहेत, असं ती म्हणाली. मग मला राहवलं नाही. मी पोकळ अंगठा आणि दोन्ही लाल रुमाल तिच्या हातावर ठेवले. कसं करतात ते सगळं दाखवलं. तिला ते करूनही बघू दिलं. आणि म्हणालो, माझं चुकलं, बाई. तेव्हाच दाखवायला पाहिजे होतं.

तिनं अंगठा उजेडाकडे धरून आतून पाहिला.

"येवढंच होतं व्हय?" ती म्हणाली. "आईला दावायचं होतं. मरस्तोवर तिला वाटायचं, रुमाल म्याच घेतला. शपथा घेतल्या मी. म्हणायची, मग तुझ्यापाशी आला कसा?"

रडलो, पण त्या रडण्याला आता काय किंमत. तिनं रुमाल घडी करून ठेवले. अंगठा त्यावर ठेवला. आतून मुकादमानं हाक मारली. जायला वळली, थांबली, आणि सवयीनं असेल, दोन्ही हात उलटसुलट करून मला दाखवले.