मामांना दाखवायचा किल्ला

फोर्कलिफ्टवाल्या मामांमुळे मी चाकणच्या कंपनीत टिकलो. आठवीत शाळा सोडून आलेला मी पहिल्याच सुट्टीला कामाला घाबरून, बॅग भरून कंधारला परत निघालो होतो.

"जा की! पर आमची लेणी तरी बघ," म्हणत मामांनी मला भामचंद्राचा डोंगर चढवला. प्रत्येक कोरलेल्या भिंतीला तळवा लावून म्हणायचे, "गार हाय बघ." मीही हात लावेपर्यंत पुढं सरकायचे नाहीत.

"तुमच्या कंधारच्या किल्ल्यात काय हाय रं?"

किल्ल्याशेजारी वाढूनही मी आत कधी गेलो नव्हतो. "दिवाळीत दाखवतो, मामा."

कितीतरी दिवाळ्या तशाच गेल्या. आता मामांचे गुडघे गेलेत. कंपनीचा जिनाही ते भिंतीला तळवा लावत चढतात.

पण कंधारचा किल्ला भुईकोट आहे, डोंगर चढायचा नाही. मामांना तिथं नेणारच. त्यांचा हात प्रत्येक भिंतीला लागेपर्यंत मीही पुढं सरकणार नाही.