मोहरीच्या डबीतली चिठ्ठी

एखाद्या माणसाचा एक किस्सा सांगितला की लोक हसतात. दुसरा सांगितला की चहा मागवतात. पाचव्याला मात्र म्हणतात, "आता तुम्ही पदरचं घालताय!" भास्कर आणि कुसुमवहिनींबद्दल बोलताना माझं दर वेळी असंच होतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. थोडं गाळलंय तेवढं, कारण वहिनींची द्राक्षाची पेटी अजून दर वर्षी माझ्या घरी येते!

भास्करची द्राक्षबाग दिंडोरीजवळ. मी सरकारी कचेरीत, आणि आमचा तिसरा गडी शिरीष, दातांचा डॉक्टर. तिघांनाही हॅम रेडिओचा नाद. घरात सेट, गच्चीवर अँटेना, आणि हजार मैलांवरच्या माणसाला "हवा कशी आहे?" विचारायचं, असा हा छंद. इथवर ठीक होतं. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भास्करच्या डोक्यात नवीनच खूळ शिरलं. स्वतःच्या हाताने शिडाची बोट बांधायची आणि बायकोला घेऊन लक्षद्वीपची बेटं हिंडायची!

नाशिकला समुद्र नाही, हे आम्ही त्याला सांगून पाहिलं. "पॅकिंग शेड तर आहे ना?" तो म्हणाला.

* * *

त्या शेडमध्ये बोट तीन वर्षं तयार होत होती. द्राक्षाच्या हंगामात पेट्यांचे ढीग तिच्याभोवती लागायचे आणि हंगाम संपला की ती पुन्हा उघडी पडायची. पहिला रंग उन्हाळ्यात असा सुरकुतला की वहिनींनी तिथल्या तिथे बारसं करून टाकलं. नाव ठेवलं 'बेदाणा'.

शेजारचे अण्णा रोज यायचे. बोटीला एक फेरी मारायचे, तिच्या पोटावर थाप मारायचे, काही न बोलता जायचे. पूर्ण झाली त्या दिवशी मात्र बोलले, "लय भारी केलंय भास्करा. पण आपल्या धरणात नाय मावायची ही!"

* * *

बोट ट्रेलरवर घालून रत्नागिरीला नेली. डोलकाठी उभी करून तिच्या तारा ताणायच्या होत्या. तिथले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, मजा बघायला येऊन उभे राहिले. घाटावरची माणसं बोट घेऊन आलीत म्हटल्यावर त्यांची करमणूकच होती.

सगळं झाल्यावर ते पुढे आले. एकेक तार बोटाने छेडून बघितली.

"कोणी ताणली ही?"

"हिने," भास्कर म्हणाला.

वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "द्राक्षाचा मांडव वीस वर्षं मीच ताणते. तार ढिली राहिली की सगळा वेल खाली येतो. इथं वेल नाही, कापड आहे, एवढंच!"

तांडेलांनी नंतर त्यांना स्वतःच्या होडीची तार दाखवायला नेलं.

* * *

आता चिठ्ठीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वहिनींना पोहता येत नव्हतं. समुद्राची त्यांना मनापासून भीती होती आणि ती त्या लपवतही नव्हत्या. भास्करने वर्षभर विनवण्या केल्यावर त्यांनी एका अटीवर होकार दिला. एका कागदावर लिहिलं, 'परत फिरायचं. कारण विचारायचं नाही.' खाली भास्करची सही घेतली. त्या ही चिठ्ठी ज्या दिवशी दाखवतील त्या दिवशी भास्करने बोट फिरवायची, मग बेट समोर दिसत का असेना. एकदाच वापरायची, पण वापरली की संपलं. चिठ्ठी घडी घालून मोहरीच्या डबीत गेली, कारण बोटीवर कोरडी राहणारी तेवढी एकच जागा होती.

शिरीषने पैज लावली, "रत्नागिरीचा दीपस्तंभ दिसेनासा होताच डबी उघडणार!" मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. हरणाऱ्याने मिसळ द्यायची.

* * *

मार्चमध्ये द्राक्षं उतरली, बाग धाकट्या भावावर सोपवली आणि दोघं निघाली. रोज सकाळी सातला रेडिओवर बोलायचं ठरलं होतं. पहिल्या सकाळी मी आणि शिरीष सेटसमोर आंघोळ करून बसलो. खरखरीतून आवाज आला तो वहिनींचा.

"वहिनी, कॅप्टनला द्या. ओव्हर."

"कॅप्टनांचं तोंड बादलीत आहे. कालपासून. ओव्हर!"

"मग बोट कोण चालवतंय?"

"कोण म्हणजे? इथं तिसरं कुणी आहे का?"

ज्यांना समुद्राची भीती होती त्या सुकाणू धरून बसल्या होत्या आणि ज्याचं स्वप्न होतं तो आडवा होता. "चिठ्ठी?" शिरीषने हळूच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ह्यांना या अवस्थेत दाखवली तर परत फिरायची दुसरी चिठ्ठी तेच लिहून देतील. आधी उठू दे त्यांना."

* * *

एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकलेला होता. सकाळी निघायचं ठरलं होतं. भास्करने आकाश बघितलं, स्वच्छ. आम्ही नाशिकहून हवामानाची बातमी वाचून दाखवली, तीही स्वच्छ. वहिनींनी बाहेर येऊन हवेचा वास घेतला, दोराला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आज नको."

"का पण?"

"अशा हवेत मी फवारणी केली नसती."

भास्करचा चेहरा उतरला. "चिठ्ठी का?"

"नाही हो! चिठ्ठी कशाला लागते याला? साधं सांगणं आहे."

दुपारी असं वादळ आलं की किनाऱ्यावरच्या दोन नारळी आडव्या झाल्या. संध्याकाळी भास्कर रेडिओवर आला. हवामानाची बातमी वाचून दाखवायचे कष्ट आता घेऊ नका, असं त्याने आम्हाला अगदी नम्रपणे सांगितलं.

* * *

त्याच बेटावर एका शाळामास्तरांच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता. पानं भरपूर, फळ कधीच नाही. भाषा कळत नव्हती, पण वेल बघून वहिनींना राहवेना. त्यांनी बोटीवरून कात्री आणली आणि मास्तर चहा आणायला आत गेले तेवढ्यात छाटणी उरकली! मास्तर बाहेर आले तेव्हा मांडवावर फक्त काड्या. त्यांच्या आईने रडायला सुरुवात केली.

भास्कर म्हणाला, "कुसुम, चल! नांगर उचलू!"

पुढच्या वर्षी 'बेदाणा' पुन्हा तिथे गेली तेव्हा मास्तरांच्या त्या आई धक्क्यावर ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात एक घड, सात मणी. भास्करच्या मते अशी आंबट द्राक्षं त्याने जन्मात खाल्ली नव्हती. वहिनींनी त्याला एकच दिला आणि उरलेले सहा स्वतः डोळे मिटून खाल्ले.

* * *

तिसऱ्या वर्षी मात्र तीन दिवस आवाज आला नाही.

त्या तीन दिवसांवर विनोद करायचा मी प्रयत्न करून बघितला आहे, जमत नाही. सेटसमोरून उठवत नव्हतं. शिरीषने दवाखाना बंद ठेवला. म्हणाला, "लक्ष सगळं सेटकडे आहे. अशा वेळी कुणाच्या तोंडात हात घालू नये." माझी बायको डबा आणायची आणि तसाच परत न्यायची.

चौथ्या दिवशी सकाळी खरखर झाली आणि भास्करचा आवाज आला. सुकाणू मोडलं होतं, सेट भिजला होता, दोघांनी मिळून दोन्ही दुरुस्त केलं होतं. शिरीष डोळे पुसत ओरडला, "अरे, निदान आता तरी चिठ्ठी निघाली असेल!"

"मीच म्हटलं तिला, काढ म्हणून! तर म्हणते, आता परत फिरलं तरी तेवढंच पाणी आहे, मग पुढे जाऊन चहा पिऊ."

पैज कुणी जिंकेना. शेवटी दर रविवारी आम्ही आपापल्या पैशाने मिसळ खाऊ लागलो.

* * *

अशी बारा वर्षं गेली. मग भास्करच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. बरा झाला, पण गप्प झाला. एक दिवस आमच्याकडे येऊन म्हणाला, "बोट विकतोय. गोव्याचा माणूस मिळालाय."

"वहिनींना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? पाण्याला भिते ती. माझ्या हट्टापायी बारा वर्षं ओढली तिला. आता मोकळी करतो."

व्यवहाराच्या दिवशी मी आणि शिरीष त्यांच्यासोबत रत्नागिरीला गेलो. वहिनी वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. धक्क्याला लागलेल्या 'बेदाणा'वर आम्ही सगळे चढलो. गोव्याचा माणूस सज्जन होता. त्याने बोट प्रेमाने बघितली, तारा छेडून बघितल्या, कागद छोट्या टेबलावर पसरले आणि भास्करच्या हातात पेन दिलं.

भास्करने चष्मा लावला. वहिनी मागे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. डबीचं झाकण निघाल्याचा आवाज झाला. मोहरीचे चार दाणे टेबलावर सांडले आणि त्यांच्यामागून एक पिवळी पडलेली घडी विक्रीच्या कागदांवर येऊन पडली.

भास्करने ती उलगडली. वाचली. स्वतःची सही बघितली. मग त्याने पेनाला टोपण लावलं, पेन त्या माणसाला परत दिलं आणि शिरीषला म्हणाला, "जरा तो धक्क्यावरचा दोर सोड."

गोव्याचा माणूस गोंधळून आमच्याकडे बघायला लागला. "अहो, पण झालं काय? कारण तरी सांगाल?"

"मलाही माहीत नाही," भास्कर नाक शिंकरत म्हणाला. "विचारायचं नाही असं ठरलंय!"